कचरूची राखण

शेजारच्या बिसेनांच्या घरी सकाळी चहाच्या आधी कचरूची विचारपूस होत असे. सुशिलाबाई चुलीपुढून सुनेला हाक मारून विचारायच्या, आणि मागच्या खोलीतून दुर्गेश्वरी सांगायची, बरा आहे. नाहीतर, पडला होता, उठवला. परक्या माणसाला वाटावं, घरात एखादं दुखणाईत पोर आहे. मी नोकरीतून निवृत्त होऊन बिरसीत कायमची राहायला आले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. मी कुंपणावरून विचारलं, ताप वेळच्या वेळी मोजता ना? दोघी सासूसुना हसत सुटल्या.

कचरू म्हणजे पोर नव्हे. कचरू म्हणजे एक कम्प्युटरचा प्रोग्राम.

दुर्गेश्वरी नागपूरच्या एका कंपनीत नोकरीला होती, पण नागपूरला जात नव्हती. दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या सर्व्हरवर दिवसरात्र चालू असतात, त्यांच्यावर नजर ठेवायची, हे तिचं काम. ती बिरसीत धानाच्या पोत्यांच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसे आणि तिथल्या यंत्रांची नाडी इथून बघे. पडद्यावर प्रत्येक प्रोग्रामपुढे एक दिवा. हिरवा असला की ठीक, लाल झाला की मोबाईलवर भोंगा वाजायचा. मग तिनं इथूनच त्या प्रोग्रामला बंद करायचं, त्याचं अडकलेलं काय ते मोकळं करायचं, आणि पुन्हा सुरू करायचं. बघताना सोपं वाटतं. पोट दुखणाऱ्याला गोळी देणंही बघताना सोपंच वाटतं.

तिच्या वाट्याला असे बरेच प्रोग्राम होते. बाकीचे शहाणे होते. हा एक मात्र वरचेवर पडायचा. पाण्याची यंत्रं विकणारी एक कंपनी होती, तिच्या गिऱ्हाइकांनी तक्रार नोंदवायची ती याच्यामार्फत. फार जुना, कोणी केला तेही आता कोणाला ठाऊक नव्हतं. जेवायला बसलं की पडणार, पाहुणे आले की पडणार. पहिल्या वर्षी दुर्गेश्वरी इतकी रडकुंडीला आली की सुशिलाबाईंनीच इलाज काढला. त्या म्हणाल्या, याचं नाव कचरू ठेव.

या नावामागची गोष्ट आमच्या भागात सांगावी लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, तिथं पुढचं लेकरू झालं की त्याला उकिरड्यावर ठेवायचं. शेजारणीनं उचलायचं, आणि आईनं तिला सूपभर कण्या देऊन ते परत विकत घ्यायचं. नाव ठेवायचं कचरू. म्हणजे मरणाला वाटतं, टाकाऊ माल आहे, कशाला न्या. सुशिलाबाईंची पहिली दोन लेकरं गेली. तिसरा चंद्रकुमार, म्हणजे दुर्गेश्वरीचा नवरा. तो उकिरड्यावर ठेवलेला आहे. शाळेत नाव घालेपर्यंत घरात त्याला कचरूच म्हणत. आज तो राईस मिलमध्ये पोती उचलायच्या टोळीचा मुकादम आहे आणि त्याच्याकडे बघून मरणच रस्ता बदलेल. सुशिलाबाईंचं म्हणणं, नाव लागू पडते. त्यांनी लॅपटॉपवरून मीठमिरच्यासुद्धा उतरवल्या. मी विज्ञान शिकलेली बाई, आम्ही बौद्ध, मला असल्या गोष्टींचा राग येतो. पण हे नंतर ऐकलं तेव्हा मी काही बोलले नाही, कारण नाव ठेवलं त्या दिवसापासून दुर्गेश्वरीचं रडणं थांबलं. कचरू पडायचा थांबला नाही, पण तिचा त्याच्यावरचा राग गेला. नाव ठेवलं की माया लागते, ही त्यातली खरी गोम.

आणि माया लागली की माणूस जुंपला जातो.

दुर्गेश्वरीचं माहेर सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या वाटेवरचं एक गाव. इथून काही लंकेत नाही, पण तिथं मोबाईलला नेटवर्क मिळत नाही. टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली उभं राहिलं तर दोन रेघा दिसतात, पान हललं की जातात. त्यामुळं नोकरी लागल्यापासून तिनं माहेरी मुक्काम केला नाही. सकाळी जायचं, आईच्या हातचं खायचं, भोंगा वाजायच्या धाकानं दुपारच्या आत परत. तेवढ्या वेळापुरतं हेच काम करणाऱ्या नागपूरच्या राजदीपला विनवून ठेवायचं. दिवाळीनंतर त्यांच्या गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरते. गावच्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, रात्रभर नाटक बघतात, सकाळी डोळे चोळत चहा पितात. नोकरी लागल्यावर दुर्गेश्वरीनं मंडईची दुकानं पाहिली, नाटक एकदाही नाही. तिची आई, सुलोचनाबाई, आधी रुसायची. मग रुसायचंही सोडून दिलं आणि स्वतःच एसटीनं इकडं यायला लागली. मागच्या खोलीत पोत्यावर बसून लेकीच्या पाठीशी बोलायची. लेक पडद्याकडं बघत हूं हूं करायची. मी ते कुंपणावरून बघत असे आणि मला वाईट वाटे. बोलून उपयोग नव्हता. मी ड्यूटीवर असताना माझी आईसुद्धा माझ्या पाठीशीच बोललेली आहे.

एकदा मी तिला विचारलंच की एवढं काय अडतं? थोडा वेळ पडलेला राहिला तर राहिला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी पेशंटला वाऱ्यावर सोडा म्हणाले. म्हणाली, कोनीतरी तक्रार घेऊन दारात उभं असते ना सिस्टर. मग तिनं मला पडद्यावरची एक रेघ दाखवली. कचरूकडं किती जण येतात ते दाखवणारी. ती रेघ दिवसा तशीच, रात्रीही तशीच, न चढणारी, न उतरणारी. बघा, म्हणाली, दिवाळीच्या दिवशीसुद्धा लोक येतात. लोकांले तक्रारीपासून सुट्टी नसते.

त्यांच्या कामाचा एक नियम होता, तो मला फार आवडायचा. कोणत्याही प्रोग्रामला बंद-चालू करण्याआधी सगळ्यांच्या ग्रुपवर लिहायचं, "हात लावते". दुसऱ्या कोणीतरी "लाव" म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. कधीकाळी कोणीतरी झोपेच्या तारेत भलताच प्रोग्राम बंद केला होता आणि मोठा गहजब झाला होता, तेव्हापासून. आमच्याकडंही इंजेक्शन भरताना दुसरीला बाटली दाखवायची पद्धत होती. दुर्गेश्वरीला "लाव" म्हणणारा बहुतेक वेळा राजदीपच असे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण त्याचं "लाव" उशिरा आलं तर ही म्हणायची, आज त्याची तब्येत बरी दिसत नाही.

यंदा पावसाळ्यात ते सगळं मोडलं. कंपनीनं एक नवीन व्यवस्था आणली. आता प्रोग्राम पडला की ती व्यवस्था स्वतःच त्याला उठवणार, माणूस लागणार नाही. एकेक प्रोग्राम तिच्या ताब्यात गेला आणि एकेक माणूस ग्रुपमधून गेला. राजदीपनं शेवटच्या दिवशी हात जोडलेलं चित्र पाठवलं, बस. फक्त कचरू इतका जुना की नव्या व्यवस्थेला त्याची भाषाच कळेना. असून अडचण, नसून खोळंबा. त्याच्यासाठी एक माणूस ठेवावाच लागला, आणि ती दुर्गेश्वरी. साहेबीण होती रंजिता मॅडम म्हणून, तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं की कचरू आहे तोवर तुमची नोकरी आहे. सुशिलाबाईंनी त्या दिवशी गोड भात केला आणि वाटी माझ्याकडंही आली. त्या म्हणाल्या, पाह्यलं सिस्टरबाई, ज्याले टाकला होता तोच कामी आला.

मी ती वाटी तशीच झाकून ठेवली. दुर्गेश्वरीकडं बघून. आधी चारचौघांत वाटलेली राखण आता एकटीवर आली होती. डोळ्यांखाली काळं आलेलं. बोलता बोलता मध्येच थांबायची, भोंगा वाजला का म्हणून कान द्यायची. गावाजवळच्या विमानतळावरून पायलट शिकणाऱ्या पोरांची विमानं दिवसभर घुं घुं करत गावाभोवती फिरतात, त्यांच्या आवाजातसुद्धा तिला भोंगा ऐकू यायचा. मी तिला रक्त तपासायला लावलं. रक्त कमी नव्हतं. झोप कमी होती, आणि ती काही मेडिकलमध्ये मिळत नाही.

धानाची कापणी उरकत आली त्या सुमारास एक दिवस ती दुपारी माझ्या ओट्यावर येऊन बसली. मोबाईल हातात नव्हता. मी घाबरलेच, कारण हातात मोबाईल नसलेली दुर्गेश्वरी मी पाहिली नव्हती. पाणी दिलं. तिनं तांब्या तसाच धरून ठेवला आणि झालं ते सांगितलं.

कचरू बरा आहे की पडला, हे कळायचं कसं? तर एक दुसरा प्रोग्राम दर मिनिटाला जाऊन त्याचं दार वाजवायचा, आहेस का? कचरूनं आहे म्हटलं की दिवा हिरवा. उत्तर आलं नाही की भोंगा. नागपूरच्या लोकांनी नवी व्यवस्था बसवताना हा दार वाजवणारा त्या दिवशी काही वेळ बंद ठेवला होता, आणि दुर्गेश्वरीला तसं कळवलंही होतं. ती म्हणाली, बरं, मी डोळ्यानं बघते. बघत बसली, तर ती लोकांच्या येण्याची रेघ, जी कधी हलली नव्हती, ती खाली येऊन पडली. शून्यावर. तिला वाटलं रस्ता तुटला. कचरूला तपासलं, ठणठणीत. स्वतः एक खोटी तक्रार टाकून बघितली, लगेच घेतली त्यानं. सगळं चालू होतं, फक्त कोणी येत नव्हतं. मग नागपूरकरांनी दार वाजवणारा पुन्हा सुरू केला आणि रेघ चढून आपल्या जुन्या जागी जाऊन बसली.

मला अजून कळलं नव्हतं. मी म्हटलं, मग झालं ना ठीक?

"सिस्टर," ती म्हणाली, "ते लोक नोहोत. तो दार वाजवनाराच होता. एवढे वर्सं मी त्यालेच लोक समजून राहिली होती."

ती मग मागं मागं जाऊन बघत बसली होती. कचरूकडं शेवटची खरी तक्रार केव्हा आली ते. ती तारीख तिच्या धाकट्या भावाच्या लग्नाच्याही आधीची होती. त्या लग्नात वरात दारात आली तेव्हा दुर्गेश्वरी टेकडीवर मोहाखाली लॅपटॉप घेऊन उभी होती, कारण कचरू पडला होता. भावाच्या लग्नाच्या एकाही फोटोत ती नाही. हे तिनं सांगितलं नाही, मला माहीत होतं. ती फक्त म्हणाली, त्या दिवशीपण कोनीच नव्हतं दारात.

मला राग आला. कोणावर काढू ते कळेना, म्हणून मी ओट्यावर चढलेल्या कोंबडीला हाकललं. एवढ्या वर्षांत त्या पाण्याच्या कंपनीतल्या एकानंही आपल्या दारी कोणी येतं का, हे विचारलं नाही? नागपूरच्यांनी नाही, कोणीच नाही? आंधळं दळत होतं आणि पीठ खायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

पण खरा पेच पुढंच होता. हे सांगायचं की नाही. सांगितलं तर कचरू बंद होणार, आणि कचरूबरोबर तिची नोकरी. या गावात बसून करता येईल अशी दुसरी नोकरी तिला मिळणार नव्हती, हे तीही जाणून होती आणि मीही. शिकलेल्या सुनेची नोकरी म्हणून घरात तिचा जो शब्द होता, तोही त्या मागच्या खोलीतूनच आलेला होता. चंद्रकुमारला तिनं रात्री सांगितलं तर तो म्हणाला, सांगाचं काही काम नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याचा माल त्याला पर्वा नाही, तू कायले जीव काढतं? भोंगा वाजला उठव, नाही वाजला बसून राय, महिन्याचा पगार येते. चांगला माणूस आहे. स्वतःच्या पाठीवरून पोती वाहिलेली असल्यामुळं बसून मिळणाऱ्या पगारात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही त्याचं म्हणणं निम्मं पटलं.

दोन-तीन दिवस ती तशीच राहिली. कचरू पडला, तिनं उठवला. पुन्हा पडला, पुन्हा उठवला. पण आता सुशिलाबाईंनी विचारलं की ती बरा आहे म्हणायची तेव्हा आवाज निराळा लागायचा. मग एका सकाळी कुंपणापाशी येऊन मला म्हणाली:

"सिस्टर, पेशंट गेला हे तुमाले समजलं, अन् घरच्यांले अजून मालूम नाही. तवा तुमी काय करा?"

मी नोकरीत हे किती वेळा केलं असेल. तरी या वेळी माझ्या एका शब्दानं तिचं काय जाणार ते मला दिसत होतं.

"सांगा लागते बाई," मी म्हटलं. "मेलेल्याले थर्मामीटर लावत बसता येत नाही. आपनच येडे होऊन जातो."

तिनं मान हलवली आणि आत गेली. त्याच दिवशी तिनं रंजिता मॅडमला सगळं लिहून पाठवलं. चंद्रकुमारला आधी सांगितलं नाही, नंतर सांगितलं. तो जेवता जेवता उठला, हात धुतला आणि मिलमध्ये गेला. संध्याकाळी येताना मात्र तिच्यासाठी गरम आलूबोंडे घेऊन आला. आमच्याकडं पुरुष माफी मागत नाहीत, काहीतरी खायला आणतात.

मॅडमचं उत्तर यायला वेळ लागला नाही. दुर्गेश्वरीनं ते मला ओट्यावर वाचून दाखवलं. त्या पाण्याच्या कंपनीला विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, आमच्या तक्रारी कधीपासूनच फोनवर घेतल्या जातात, तो जुना प्रोग्राम केव्हाच बंद झाला असेल असं आम्ही धरून चाललो होतो. अजून चालू कसा? तरी बंद करावा. आणि मॅडमनं खाली लिहिलं होतं की बंद केल्यावर कळवा, या महिन्याअखेर आपलं काम संपेल, आपण दाखवलेल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार.

"अजून चालू कसा, म्हनते," दुर्गेश्वरी म्हणाली. एवढंच. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, मी पदरही सावरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला कुंपणावरून हाक मारली. मी गेले. मागच्या खोलीत नव्या धानाचा वास भरलेला होता, पोती आधीपेक्षा वरपर्यंत लागली होती, आणि त्यांच्या बेचक्यात तिचं टेबल. लॅपटॉप उघडा. कोपऱ्यात एक कापडी पिशवी भरून ठेवलेली, वर साडीचा पदर लोंबत होता. माहेरची मंडई आता एका दिवसावर आली होती. तिनं मला ग्रुप दाखवला. त्यात आता ती आणि मॅडम, दोघीच. तिचा संदेश केव्हाचा पडून होता, कचरूला हात लावते. खाली काही नव्हतं. मॅडम मीटिंगमध्ये असाव्यात.

मी म्हटलं, अगं, त्यांनीच बंद कर म्हटलं आहे ना, मग दाब की.

ती म्हणाली, नियम आहे. दुसऱ्यानं म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही. एवढ्या वर्षांत एकदाही लावला नाही.

"तुमी म्हना, सिस्टर."

मला कम्प्युटरातलं काही कळत नाही. पण मी वाकून पडद्याकडं बघितलं, बाटलीवरचं नाव वाचतात तसं. हिरवा दिवा होता. ती रेघ होती, न चढणारी, न उतरणारी. मला एकदम फार थकल्यासारखं झालं. माझं नव्हे, तिचं सगळं थकणं माझ्या अंगावर आल्यासारखं.

"लाव," मी म्हटलं.

तिनं बटण दाबलं. यंत्रानं खरंच बंद करायचं का म्हणून विचारलं. तिनं हो म्हटलं. दिवा थोडा वेळ हिरवाच राहिला, मग लाल झाला. आम्ही दोघी बघत राहिलो. वरून एक विमान गेलं. आणि टेबलावरचा मोबाईल भोंगा वाजवू लागला. त्या दार वाजवणाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो आपला आला, दार वाजवलं, आतून आवाज आला नाही, म्हणून ओरडायला लागला.

दुर्गेश्वरीचा हात सवयीनं पुढं गेला. मग तिनं तो मागं घेऊन मांडीवर ठेवला.

अंगणात सुशिलाबाई नवे तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी भोंगा ऐकला. तिथूनच हाक आली, "कचरू पडला वाटते वं. पाह्य ना लवकर."

"नाही माय," दुर्गेश्वरी म्हणाली. "गेला."

अंगणातलं सूप थांबलं.